एकाच फ्रीजरच्या दोन जबान्या

प्रति,
ऊर्जा व नैसर्गिक संसाधन खातं, कॅनडा सरकार, ओटावा
आणि
ऊर्जा खातं, अमेरिका सरकार, वॉशिंग्टन

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार. पत्र मराठीत आहे, म्हणजे तुमच्यापैकी कोणी ते वाचेल अशी आशा नाही. इंग्रजीत पाठवायचं ते मी पाठवलं आहे, कलमांच्या क्रमांकांसकट. पण फ्रिज-फ्रीजरने किती वीज खावी याचे तुमचे नियम ज्यांच्या अंगावर पडतात त्यांत आमच्याकडचे लोक पुष्कळ आहेत. गोदामात खोकी उतरवणारे आहेत, कस्टम्सची कागदपत्रं करणारे आहेत, आणि नवं घर घेतलं की पहिल्या शनिवारी फ्रिज बघायला जाणारे तर सगळेच आहेत. हे काय चाललं आहे ते त्यांनाही कळावं म्हणून हे उघड पत्र.

आधी माझा या सगळ्याशी संबंध काय ते सांगते. माझे वडील मिरजेत फ्रिज दुरुस्त करायचे. दुकान म्हणजे रस्त्याकडेची दहा बाय दहाची खोली, दारात कायम दोन-तीन फ्रिज पाठ करून उभे. गिऱ्हाईक तक्रार सांगायला लागलं की वडील आधी मागच्या जाळीवर हात ठेवायचे आणि मग ऐकायला लागायचे. मला त्यांनी एकच चाचणी शिकवली. दाराच्या रबरात दहाची नोट घालायची, दार लावायचं आणि नोट ओढायची. अडकली तर रबर ठीक, सुळकन निघाली तर थंडावा बाहेर चालला आहे आणि बिल वाढतं आहे.

आज मी कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात, मिसिसागात एका छोट्या आयातदाराकडे काम करते. आम्ही नऊ जण आहोत. पेटीसारखे आडवे, वरून झाकण उघडणारे चेस्ट फ्रीजर आणि लहान फ्रिज मागवतो. बरेचसे ओंटारिओत विकतो, थोडे नदीपलीकडे, अमेरिकेतल्या बफेलोच्या बाजूला जातात. माझं काम या यंत्रांचे कागद भरण्याचं. एक यंत्र किती वीज खातं हे ओटावाला सांगायचं आणि तेच पुन्हा वॉशिंग्टनला सांगायचं. पोलीस चौकीत एकाच अपघाताची जबानी दोन हवालदारांना वेगवेगळी द्यावी, तसं.

दोन्ही देशांची वीज वेगळी असती तर माझी तक्रार नसती. दोन्हीकडे 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झ. प्लगच्या चपट्या पिनाही त्याच. नायगाराचं पाणी दोन्ही देश 1950 च्या करारानुसार निम्मं निम्मं वाटून घेतात आणि काठाच्या दोन्ही बाजूंना जनित्रं फिरवतात. 14 ऑगस्ट 2003 ला ओहायोत तारा वाढलेल्या झाडांना टेकल्या, पुढे एकातून एक बिघाड होत गेला आणि अमेरिकेतल्या आठ राज्यांसह ओंटारिओ अंधारात गेलं. सुमारे पाच कोटी लोक. त्या दिवशी विजेला सीमा दिसली नाही. माझ्या टेबलावर मात्र ती रोज दिसते.

लेबलांची नावंच घ्या. कॅनडाचं ‘एनरगाइड’ 1978 सालचं, अमेरिकेचं ‘एनर्जीगाइड’ 1980 सालचं. एका ‘जी’चा फरक. कॅनडाचं पांढऱ्यावर काळं, इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हीत, वर्षाला किती युनिट ते सांगणारं. अमेरिकेचं पिवळं, वर्षाला किती डॉलर ते ठळक अक्षरात आणि युनिट खाली. गोदामात नवीन पोरगा लागला की पहिल्या महिन्यात एकदा तरी चुकीचं लेबल लावतोच. मग ते गरम हवेच्या पिस्तुलाने खरवडून काढायचं काम त्यालाच देतो, म्हणजे पुन्हा चुकत नाही.

आता एकेक तक्रार.

पहिली मापांची. आमचा एक चेस्ट फ्रीजर दहा घनफुटांचा आहे. अमेरिकेच्या नियमात अशा फ्रीजरला वर्षाला जास्तीत जास्त किती वीज चालेल याचं सूत्र आहे: आकारमानाला 1.76 ने गुणून आलेला आकडा, त्याला 7.29 ने गुणायचं आणि 107.8 मिळवायचे. उत्तर 236.1 युनिट. त्याच तक्त्यात शेजारी लिटरचं सूत्र छापलं आहे, तिथे 7.29 ऐवजी 0.257. तोच फ्रीजर लिटरमध्ये मांडला की उत्तर येतं 235.9. यंत्र तेच, कॉम्प्रेसर तोच, आणि मर्यादा दशांशाने हलली, कारण कोणीतरी गुणक तीन आकड्यांवर तोडला. पूर्णांकात दोन्ही 236 होतात म्हणून आमचं निभावतं. पण प्रत्येक आकारमानाला असं नशीब नसतं. काठावरचं मॉडेल असलं की मी दोन्ही बाजूंनी गणित करते, दोन एक्सेल शीटं ठेवते, आणि घनफुटातला आकडा लिटरच्या रकान्यात गेला नाही ना हे तिसऱ्यांदा बघते. लॅबने मोजताना एकदाच मोजलेलं असतं. 32.2 अंशाच्या खोलीत, झाकण बंद ठेवून, आत उणे 17.8 अंश. हे अंशसुद्धा मुळात फॅरेनहाइटमधले 90 आणि शून्य आहेत. त्या एका मोजणीला दोन वेष चढवायचं काम माझ्याकडे आलं आहे.

दुसरी मॉडेल नंबरची, आणि इथे चूक माझीच होती हे आधी कबूल करते. अमेरिकेच्या पद्धतीत एक ‘मूळ मॉडेल’ असतं. इन्सुलेशन तेच, कॉम्प्रेसर तोच, फक्त रंग पांढरा किंवा काळा, तर ती सगळी एका मूळ मॉडेलखाली बसतात. कॅनडात खेप येताना जो मॉडेल नंबर जाहीर करायचा तो आधी दिलेल्या अहवालातल्या नंबराशी जुळला पाहिजे. आमच्या पांढऱ्या फ्रीजरच्या पाट्यांवर नंबरानंतर आडवी रेघ आणि ‘डब्ल्यू’ होता. अमेरिकेच्या फाइलमधून उचलून मी जो अहवाल भरला त्यात ती शेपटी नव्हती. खेप नऊ दिवस पडून राहिली. जागेचं भाडं आम्ही भरलं. लंडन-ओंटारिओच्या एका दुकानदाराने तेवढ्यात दुसरीकडून माल उचलला. एका आडव्या रेघेपायी. त्यानंतर माझ्या मॉनिटरच्या कडेला पिवळ्या कागदावर लिहिलं आहे: ‘शेपटी बघ’.

चूक माझी, मान्य. पण दोन ठिकाणी दोन पद्धतींनी एकच नाव लिहायला लावलं की चूक होणार हे कुठल्याही शाळामास्तरला कळतं. मोठ्या कंपन्यांकडे या कामाला स्वतंत्र विभाग असतो, वकील असतात. आमच्याकडे मी आहे, आणि मंगळवार-गुरुवारी दुपारी हिशेबही मीच बघते.

तिसरी तारखांची. कॅनडाला अहवाल माल आत यायच्या आधी हवा आणि वर प्रत्येक खेपेसोबत कस्टम्सकडे माहिती: कोणतं यंत्र, कोणता ब्रँड, कोणता नंबर, कशासाठी आणलं. अमेरिकेला माल बाजारात आणण्याआधी एकदा, आणि पुढे दरवर्षी ठरलेल्या तारखेला पुन्हा. फ्रिज-फ्रीजरची तारीख 1 ऑगस्ट. बाकी यंत्रांच्या तारखा वेगळ्या. जुलैचा शेवटचा आठवडा आमच्याकडे दिवाळीच्या आधीच्या फराळासारखा असतो, फक्त शेवटी खायला काही मिळत नाही.

चौथी शिक्क्याची. इथे माझ्या मालकांना माझं म्हणणं आवडणार नाही. कॅनडात नुसतं ‘आम्ही चाचणी केली’ म्हणून भागत नाही. मान्यताप्राप्त संस्थेने पडताळून यंत्रावर खूण द्यावी लागते. अमेरिकेत उत्पादकाचं किंवा आयातदाराचं स्वतःचं प्रमाणपत्र बहुतेक यंत्रांना चालतं, पुढे सरकार हवं तेव्हा तपासू शकतं. खर्चाच्या दृष्टीने दुसरी पद्धत आम्हाला सोयीची. पण मी दुरुस्तीवाल्याची मुलगी आहे. विकणाऱ्याने सांगितलेला आकडा आणि जाळीवर हात ठेवल्यावर कळणारा आकडा यांत किती अंतर असतं ते मी लहानपणापासून पाहिलं आहे. त्यामुळे नियम जुळवताना हा शिक्का आधी उडवला जाईल अशी मला भीती वाटते. तो ठेवा. फक्त एका देशासाठी झालेली पडताळणी दुसऱ्या देशातही ग्राह्य धरा.

ग्राहकाचीही एक बाजू आहे, ती लवकर सांगते. आमच्या इमारतीतल्या एक काकू स्वस्त पडतं म्हणून बफेलोला फ्रिज बघून आल्या. तिथल्या पिवळ्या लेबलावरचा डॉलरचा आकडा त्यांनी फोनमध्ये टिपून आणला आणि मला विचारलं, ‘इथल्या फ्रिजवर खर्च का नाही गं लिहीत?’ मी सांगितलं की तो आकडा अमेरिकेच्या सरासरी दरावर काढलेला असतो, आपल्याकडे ओंटारिओत रात्रीचा दर वेगळा, दुपारचा वेगळा. ‘मग युनिटच बघायचे ना सरळ?’ म्हणाल्या. बघायचेच. मग दोन्ही लेबलांवर युनिट एकाच जागी, एकाच आकारात का छापत नाही? विजेच्या घरगुती कुकिंग रेंजवर तर कॅनडात एनरगाइड असतं आणि पलीकडे पिवळं लेबलच नसतं. तिथे तुलना करायला काही उरतच नाही.

तुम्ही हे सगळं जुळवायचं कबूल केलं नव्हतं असंही नाही. 4 फेब्रुवारी 2011 ला पंतप्रधान हार्पर आणि राष्ट्राध्यक्ष ओबामांनी नियम जुळवण्यासाठी दोन देशांची परिषद जाहीर केली. मार्च 2016 मध्ये ट्रुडो आणि ओबामांच्या संयुक्त निवेदनात उपकरणांची मानकं आणखी जुळवून घेण्याची आणि सुधारण्याची भाषा होती. 1 जुलै 2020 ला लागू झालेल्या कॅनडा, अमेरिका आणि मेक्सिको या तिन्ही देशांच्या व्यापार करारात तर बाराव्या प्रकरणाला खास जोडपत्रच आहे, 12-डी, फक्त वीज वापराच्या मानकांवर. मर्यादांच्या बाबतीत खरंच पुष्कळ काम झालं, ते नाकारणं अन्यायाचं होईल. चाचण्याही बऱ्याच जुळल्या. राहिला तो कागद. मंत्र्यांच्या भाषणात कागदाला जागा नसते, म्हणून तो राहिला असावा.

आता ज्या गोष्टीमुळे हे पत्र लिहायला बसले ती. ‘जुळवून घ्या’ असं आमच्यासारखे सगळेच छोटे धंदेवाले म्हणतात. पण जुळवायचं कोणाशी? अमेरिकेच्या 1975 च्या ऊर्जा कायद्यात पुढे घातलेलं एक कलम आहे: उपकरणांची मर्यादा एकदा घट्ट केली की ती सैल करता येत नाही. चांगलं कलम. तरीही 12 मे 2025 ला तिथल्या ऊर्जा खात्याने नियम कमी करण्याची 47 पावलं जाहीर केली आणि त्यांत घरातल्या यंत्रांच्या मर्यादाही होत्या. त्याच महिन्यात ‘एनर्जी स्टार’ गुंडाळणार अशा बातम्या आल्या. कमी वीज खाणाऱ्या यंत्रांना मिळणारा तो निळा शिक्का अमेरिकेने 1992 साली सुरू केला आणि 2001 पासून कॅनडाही वापरतो. शेजारच्या घराच्या भिंतीला टेकू लावून आपलं छप्पर उभं केलं आणि शेजाऱ्याने भिंत पाडायला काढली, अशी ही गत.

अशा वेळी ओटावात कोणी म्हणेल की शेजाऱ्याने सैल केलं तर आपणही करू, नाहीतर जुळणी मोडेल. तसं करू नका. मला कागद जुळलेला हवा आहे. यंत्राने जास्त वीज खाल्ली तरी चालेल, असं मी कधीच म्हटलेलं नाही. एकच चाचणी, एकच फाइल, आणि त्या फाइलमधल्या आकड्यावर प्रत्येक देशाने आपापली रेघ ओढावी. रेघ वेगळी असली तरी माझं काम वाढत नाही. तो एका रकान्याचा प्रश्न आहे. काम वाढतं ते तोच आकडा दोनदा, दोन मापांत, दोन नावांनी लिहिल्याने.

सांगलीतली माझी मावसबहीण फोनवर विचारते, ‘तुमच्याकडे फ्रिज किती स्टारचा?’ आमच्याकडे स्टार नसतात म्हटलं की तिला ते मागासलेपणाचं वाटतं. तिकडच्या लेबलावर ते कोणत्या काळासाठी वैध आहे हे छापलेलं असतं, कारण निकष बदलले की कालचा पाच स्टार आज चारवर येतो. ही गोष्ट मला आवडते. तुमच्या दोन्ही लेबलांवर यंत्र कोणत्या सालच्या मर्यादेला उतरलं ते ग्राहकाला दिसेल असं ठळक कुठे असतं? अमेरिकेत फ्रिजच्या नव्या मर्यादा 2024 साली ठरल्या, त्या 2029 आणि 2030 मध्ये लागू व्हायच्या आहेत. त्या वर्षी दुकानात जुना आणि नवा माल शेजारी शेजारी उभा असेल, आणि माझ्या काकूंना फरक सांगणारं कोणी नसेल.

तर मागण्या, सरळ भाषेत:

एकच अर्ज ठेवा. रकाने दोन्ही खात्यांनी मिळून ठरवा. माप कोणतंही घ्या, घनफूट किंवा लिटर, पण आम्ही एकच भरू आणि दुसरं तुमच्या संगणकाने काढावं, एकाच ठरलेल्या गुणकाने.

मॉडेल नंबर लिहिण्याची एक रीत ठरवा. रंगाची शेपटी चालते की नाही ते आजच लिहून सांगा. हे करायला करार लागत नाही, एक पानी सूचना पुरते.

वर्षातून एकदा, दोन्ही देशांसाठी एकाच तारखेला, प्रत्येक मॉडेलसमोर ‘चालू’ किंवा ‘बंद’ एवढंच विचारा. आकडे बदलले असतील तरच पुन्हा भरायला लावा.

पडताळणीची खूण काढू नका. एका देशातल्या मान्यताप्राप्त संस्थेची दुसऱ्या देशात चालवा.

चाचणीचे आकडे दोन्ही देशांच्या यंत्रांचे एकत्र, कोणालाही शोधता येतील असे खुले ठेवा. दुकानदाराच्या तोंडून ऐकण्यापेक्षा लोकांनी स्वतः बघितलेलं बरं.

आणि कॅनडा सरकारला खास: जुळणीच्या प्रत्येक नियमात एक वाक्य घाला की शेजारच्या देशाने मर्यादा सैल केली किंवा काढून टाकली तरी कॅनडाची आधीची मर्यादा आपोआप खाली येणार नाही. व्यापार करारातच सहा वर्षांनी, म्हणजे जुलै 2026 मध्ये, संयुक्त आढाव्याची तरतूद आहे. 12-डी हे जोडपत्र तेव्हा टेबलावर येऊ द्या, आणि त्यात अर्ज, तारखा आणि मॉडेल नंबर हे तीन शब्द आले तरी मी तुमची ऋणी राहीन. मोटारी आणि दुधाच्या भांडणात याला पाच मिनिटं मिळतील की नाही कोण जाणे.

एवढं लिहून झाल्यावर मी घरातल्या फ्रिजच्या रबरात नोट घालून ओढून बघितली. इथली नोट प्लास्टिकची, गुळगुळीत, सहज निघते. त्यामुळे वडिलांची चाचणी इथे चालत नाही. मी मिरजेहून आणलेली एक जुनी दहाची नोट त्यासाठीच पाकिटात ठेवली आहे. ती अडकली.

आमची पुढची खेप येत्या पंधरवड्यात येते आहे. 86 चेस्ट फ्रीजर, पैकी 60 ओंटारिओसाठी, 26 पलीकडे. दोन्ही अर्ज भरून ठेवले आहेत, लिटरमध्ये आणि घनफुटात. शेपटीही तपासली आहे, तीनदा.

कळावे,

आपली विश्वासू,
मिसिसागातल्या एका आयातदाराकडे कागद भरणारी